वीतभर सोडलेला काठ

शुक्रवारी मी सुई हातात घेत नाही. लग्न होऊन सासरी आले त्या वर्षी हे व्रत घेतलं, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. शुक्रवार संत परास्केवेचा. त्या दिवशी जी बाई शिवते तिचा प्रत्येक टाका त्या माउलीच्या अंगात जातो, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगत. लहानपणी हे ऐकून मला रडू यायचं. पुढे रडू थांबलं, व्रत राहिलं. बुधवारी आणि शुक्रवारी दूध, अंडं, मांस नाही. सकाळी भट्टी पेटवण्याआधी एक स्तोत्र. आणि शुक्रवारी सुई नाही. माझं देवाशी बोलणं एवढंच.

हे सुईचं व्रत मी एकदाच मोडलं. त्यातून काय झालं ते लिहून ठेवते आहे. घाई नाही, पण फार वेळही नाही.

प्सेल नदीच्या काठी आमच्या गावाचं जुनं वाचनालय आहे, तिथे वसिलीनाचा कारखाना चालतो. कारखाना आपला कौतुकाने म्हणायचं. पाच बायका, दोन लांब टेबलं, एक भट्टी आणि वीज गेली की पेटवायचे दोन कंदील. वसिलीना शहरात शिकली, तिथल्या मोठ्या दुकानांसाठी कपडे आखले, आणि पस्तिशीत गावी परतली ती एक हट्ट घेऊनच. नवीन कापड घ्यायचं नाही. गावोगावच्या घरांतल्या पेट्यांमधून जुनं, हातमागावरचं जवसाचं कापड गोळा करायचं, राखेच्या पाण्यात उकळायचं, अक्रोडाच्या सालीत नाहीतर कांद्याच्या टरफलात रंगवायचं, आणि त्यातून बायकांचे सदरे नि झगे करायचे. चिंधीसुद्धा टाकायची नाही. उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या होतात. कीवच्या बायका हौसेने घेतात. परदेशीही माल जातो.

"मोत्र्यामावशी, शंभर वर्षं टिकलंय हे कापड," ती म्हणते. "आपण त्याला आणखी शंभर द्यायची."

आमच्या भागाचं भरतकाम पांढऱ्यावर पांढरं. लांबून नुसतंच कापड दिसतं. बाई खिडकीपाशी आली, उजेड आडवा पडला, की फुलं वर येतात. या कामात माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे, आणि ते मला आवडायचं. आवडायचं तितकं आवडायला नको होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर झोर्याना बसते. तेवीस वर्षांची. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं होतं, म्हणून ती मला धर्माई म्हणते. तिची आई लवकर गेली. मला मूल नाही. पुढचं काय सांगायचं! रोज सकाळी ती माझ्यासाठी दहा सुया ओवून त्यांच्या छोट्याशा गादीवर टोचून ठेवायची.

"म्हातारपणी बाईवर पहिलं कोण रुसतं माहितेय का धर्माई? नवरा नाही, सुईचं नाकं!"

"बोल गं बोल. तुझीही वेळ येईल."

"तोवर माझी सून ओवून देईल. ओस्तापला सांगून ठेवलंय, निदान चार पोरगे हवेत."

ओस्ताप म्हणजे तिचा ठरलेला नवरा. तो आघाडीवर होता. रजा मिळाली की लग्न, असं ठरून सव्वा वर्ष झालं होतं. आपला लग्नाचा सदरा ती स्वतःच भरत होती आणि तोही सव्वा वर्ष रखडला होता. एक बाही झाली होती, दुसरी कोरी. हे काम पुरं केलं आणि रजा नाहीच मिळाली तर, या भीतीने ती हात चालवायची नाही. मला ते कळायचं. मी विचारलं नाही.

ऑक्टोबरातला पोक्रोवाचा सण होऊन दोन आठवडे झाले असतील, तेव्हा पलीकडच्या लिपोवे गावातून एक माणूस गाडीत पेटी घालून घेऊन आला. त्याची आत्या वारली होती, तेक्ल्या नावाची, शहाऐंशी वर्षांची. घर विकायचं होतं.

"आतलं सगळं घ्या," तो म्हणाला. "चपला, मेणबत्त्या, फालतू सामान होतं ते मी टाकलं. कापड तेवढं ठेवलंय. कुबट वास येतोय, पण तुम्ही धुताच म्हणे."

"टाकण्याआधी विचारायचं हो," वसिलीना कळवळली. "आम्हाला सगळं लागतं."

"जुन्या चपलासुद्धा?" असं म्हणून तो हसला, आणि गेला.

पेटीत कापडाच्या सहा गुंडाळ्या होत्या, दोन भरलेले पंचे होते, आणि तळाशी एक सदरा. बायकांचा, लांब, घोट्यापर्यंतचा. वसिलीनाने तो खिडकीसमोर धरला आणि आम्ही पाचही जणी जवळ सरकलो. बाह्यांवर पांढऱ्यात पांढऱ्या वेली, गळ्याला बारीक चुण्या, आणि खाली काठाला दोरे उपसून केलेली जाळी, इतकी नाजूक की कोळ्याने पाहून घ्यावी. फक्त काठ पुरा नव्हता. वीतभर जागा कोरी सोडलेली, आणि जाळी थांबली होती तिथे सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. सुईला गंज नव्हता.

"ही माझ्याहून आळशी निघाली!" झोर्याना म्हणाली. "एवढं सगळं भरलं नि वीतभरासाठी कंटाळली."

"लग्नाचा दिसतोय," वसिलीना म्हणाली. "नवरा पळाला असेल आयत्या वेळी."

आम्ही हसलो. देव क्षमा करो, मीही हसले.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी ओस्तापचा फोन आला. दहा दिवसांची रजा मिळाली होती. गाडीत बसलोय, म्हणाला. चर्चमध्ये लग्न रविवारीच लागणार. झोर्याना टेबलाला धरून उभी राहिली. आधी हसली, मग आपल्या एका बाहीच्या सदऱ्याकडे बघून रडायला लागली.

वसिलीना उठली. कपाटातून तेक्ल्याचा सदरा काढून तिने झोर्यानाच्या खांद्याला लावला. माप घेतल्यासारखा बसला.

"कीवला विकला असता," ती म्हणाली. "पण हा तुझा. काठ तेवढा राहिलाय. मोत्र्यामावशी, हा जुना हात तुम्हाला जमेल? कुठे जोडलंय ते कळता कामा नये."

"जमेल," मी म्हणाले.

"उद्या हवा. शनिवारी धुऊन वाळला पाहिजे, हवा बघताय ना कसली पडलीय."

उद्या शुक्रवार होता. झोर्यानाने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं व्रत ठाऊक होतं, म्हणून ती मागणार नव्हती, आणि ती मागणार नव्हती म्हणूनच मी हो म्हटलं. पोरीसाठी म्हटलं, हे खरं. पण कुठे जोडलंय ते कळता कामा नये, हे ऐकून माझ्या हाताला कंड सुटली होती, हेही तितकंच खरं आहे.

शुक्रवारी सकाळी घरातल्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, क्रूसाची खूण केली. "संतमाई, आजच्या दिवस," म्हणाले, आणि तीच सुई, तोच दोरा घेऊन भट्टीपाशी बसले.

जुना टाका पाहिला तर सगळा पुढे पुढे जाणारा. आपण टाका घातला की सुई अंगाकडे ओढतो. या बाईने ती अंगापासून लांब ढकलली होती, प्रत्येक वेळी, हजारो वेळा. डावरी असावी, मी मनाशी म्हणाले. उलटी बाजू पाहिली तर दोऱ्याची टोकं मोकळीच सोडलेली. मला नवल वाटलं. असा हात, आणि टोकं बांधायची शिस्त नाही? आमच्याकडे उलट्या बाजूवरून बाईची परीक्षा करतात. धुण्यात सगळं उसवेल म्हणून मी एकेक टोक मागच्या टाक्यांखालून फिरवून, गाठ मारून घट्ट अडकवलं. सदतीस टोकं होती. मग काठ भरायला घेतला, माझ्या पद्धतीने, सुई अंगाकडे.

भट्टी इतकी तापली होती की माझ्या कपाळावर घाम होता, आणि मांडीवरचं कापड विहिरीतून काढल्यासारखं गार. सुई अंगाकडे वळवली की बोटात शिरायची. कामाच्या हाताला टोचणं नवीन नाही, पण नऊ वेळा टोचली आणि नऊही वेळा रक्त आलं नाही. बोट पिळून पाहिलं. कोरडं. बरंच झालं, कापडाला डाग नको, असं म्हणून मी पुढे गेले. माणूस आपल्या मनाला किती पटकन समजावतं!

सुईतला दोरा शेवटच्या टाक्याला बरोब्बर संपला. मी मोजून घेतला असता तरी इतका नेमका आला नसता.

शनिवारी धुतला. अंगणात धुकं होतं, शेजारचे पंचे दोरीवर ठिबकत होते. तासाभराने गेले तर सदरा कडकडीत वाळलेला. गार, पण वाळलेला.

लग्न झालं. झोर्याना खिडकीखालून गेली की बाह्यांवरच्या वेली हलल्यासारख्या दिसायच्या. चर्चच्या दारात बायका तिच्या काठाला हात लावून बघत होत्या आणि जोड कुणाला सापडत नव्हता. जेवणाच्या वेळी ओस्तापने सगळ्यांदेखत तिचे हात आपल्या कोटात घातले.

"माझ्या बायकोचे हात आहेत की तळघरातल्या काकड्या? खंदकातसुद्धा इतका गारठलो नाही मी!"

"मग तिथेच राहायचंस," झोर्याना म्हणाली, आणि सगळे हसले.

दहा दिवसांनी तो परत गेला. स्टेशनवर ती रडली नाही. त्याचं मला कौतुक वाटलं.

नंतरच्या सोमवारी ती कामावर आली तेव्हा कोटाखाली तोच सदरा. मंगळवारीही तोच. "थंडी वाजते, हा अंगावर असला की बरं वाटतं," म्हणाली. तिच्या हाताला हात लागला तर माझ्याच हातावर काटा आला. चेहरा उतरला होता. नवरा गेला म्हणून असेल, असं बायका बोलायच्या. ओस्तापचा फोन वाजायचा, ती नुसती बघत राहायची. डब्यातले बटाटा भरून उकडलेले व्हारेनिकी तसेच परत न्यायची.

"झोर्याना, ही बाही उलटी भरतेयस तू!" एका सकाळी वसिलीना ओरडली. "हात कुणीकडे चाललाय तुझा?"

मी वळून पाहिलं. झोर्याना सुई अंगापासून लांब ढकलत होती. सावकाश, ठरल्यासारखी, तोंडाने काहीतरी गुणगुणत. आणि दोऱ्याची टोकं मोकळी.

"झोर्यानुच्का, दमलीस का गं?" मी हळूच विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"पोरी," ती मला म्हणाली, "जरा ओवून दे गं. मला नाकं दिसत नाही."

बाकीच्या तिघी हसल्या. त्यांना वाटलं, माझी नक्कल करतेय. मी ओवून दिलं. पहिल्या फटक्यात ओवलं गेलं. ती समाधानाने म्हणाली, "डोळे चांगले आहेत हो तुझे." आणि पुन्हा सुई लांब ढकलायला लागली.

तो बुधवार होता. दुपारी ती कुणाला न सांगता उठली आणि बाहेर पडली. मी शाल घेतली आणि मागे गेले. धुकं इतकं की पुलावर तिचा फक्त सदऱ्याचा काठ दिसत होता, कोटाखालून लोंबणारा, आणि माझाच भरलेला वीतभर भाग बाकीच्यापेक्षा वेगळा चमकत होता. इतके दिवस जो जोड कुणाला दिसला नाही तो मला त्या धुक्यात वीस पावलांवरून दिसला.

लिपोवे गावात ती कधी गेलेली नव्हती, तरी एकाही वळणावर थांबली नाही. शेवटच्या बंद घराशी आली, कुंपणाच्या तिसऱ्या खांबावर पालथं घातलेलं मडकं उचललं, खालून किल्ली काढली.

शेजारच्या अंगणात एक बाई कोबी चिरत होती. तिने मान वर केली आणि सुरी हातातून पडली.

"तेक्ल्या?" ती म्हणाली. मग तिला झोर्यानाचा चेहरा दिसला. "अगं आई गं! कोण आहे ही? आणि तू गं बाई, तू कोण?"

मी नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं. ती पलाझ्का, साठ वर्षं तेक्ल्याची शेजारीण. आम्ही दोघी मागोमाग आत गेलो.

रिकामी खोली. भिंतीपाशी जमिनीवर चौकोनी डाग होता, पेटी असायची तिथे. झोर्याना त्या डागावर गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी जमीन चाचपडत होती.

"इथे होतं माझं," ती म्हणत होती. आवाज तिचाच, पण दमलेला. "पिवळ्या रुमालात बांधून ठेवलं होतं. कुणी नेलं? मला निघायचंय."

पलाझ्काने क्रूसाची खूण केली. तिची नजर सदऱ्यावर खिळली होती.

"हा सदरा हिच्या अंगावर कसा आला?"

"पेटीत होता. आम्हाला वाटलं लग्नाचा."

"लग्नाचाच तो!" पलाझ्का कडाडली. "ज्या लग्नाचा न्यायचा त्या लग्नाचा! कुमारी होती ती, तुमच्या गावात कुमारीला कशात पुरतात? इथे नाही लागलं लग्न, तिथे लागू दे, म्हणून चाळीस वर्षं भरत होती. मरणाचा सदरा आहे तो, बाई! रुमाल, मेणबत्ती, कापडी चपला, सगळं बांधून ठेवलं होतं. मला हजार वेळा सांगितलं, पलाझ्का, मी गेले की ते गाठोडं काढ. आणि गेली ती शहरात, इस्पितळात. भाच्याने दुकानातला झगा घालून आणली. घराला कुलूप, किल्ली तेव्हा त्याच्या खिशात! मी ओरडले, गाठोडं आहे आत. तो म्हणतो, काकू, कपडे घातलेत की. कपडे म्हणे!"

"काठ वीतभर सोडला होता," मी म्हणाले.

"सोडणारच. पुरा केला की वरून हाक येते. वर्षानुवर्षं तेवढाच सोडून सुई टोचून ठेवायची ती." पलाझ्काने खाली वाकून काठ पाहिला. उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे. "कुणी पुरा केला? आणि या गाठी? कुणी मारल्या गं या?"

टाका पुढे पुढे जातो, म्हणजे जाणाऱ्याला मागे वळावं लागत नाही. टोकं मोकळी, म्हणजे त्याला काही अडत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा स्वतःचा मरणाचा सदरा मी असाच शिवून ठेवलाय, साधा, विनाफुलांचा. माहीत असून दिसलं नाही. डावरी म्हणाले मी तिला! जुना हात जमतो का एवढंच बघत राहिले, आणि तिची वाट सदतीस ठिकाणी बांधून ठेवली, आणि वर माझी पोर त्यात घातली.

"तीनदा स्वप्नात आली माझ्या," पलाझ्का आता हळू बोलत होती. "फाटकात उभी. म्हणते, अंगात घालता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही."

झोर्यानाने मान वर केली. "हाक आली की निघू," ती म्हणाली. "उरकलंय आता सगळं. काठही झाला." आणि भिंतीला टेकून, हात छातीवर ठेवून, डोळे मिटून बसली. ओठ निळे पडले होते. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, पण गार, आणि दोन श्वासांमध्ये इतकं अंतर की प्रभूची अर्धी प्रार्थना मावावी.

"काढ तिच्या अंगातून," पलाझ्का म्हणाली.

आम्ही दोघींनी तिचा कोट उतरवला, सदरा ओढून पाहिला. गळा सैल, बाह्या सैल, आणि सदरा हलेना. कातडीसारखा बसला होता. पलाझ्का सुरी आणायला निघाली, मी तिला थांबवलं. कापलं असतं तर काय कापलं गेलं असतं, कोण जाणे.

तेक्ल्याची सुई त्या शुक्रवारपासून माझ्या शालीच्या काठातच टोचलेली होती. ती काढली. झोर्यानाला खिडकीच्या उजेडात धरायला पलाझ्काला सांगितलं, आणि तिच्या अंगावरच मी गाठी सोडवायला बसले. एक टोक मोकळं करायचं, एकदा प्रभूची प्रार्थना म्हणायची, मग दुसरं. पांढऱ्यावर पांढरं, धुक्याचा उजेड, आणि स्वतःच इतक्या सफाईने लपवलेली टोकं शोधायची. माझ्या चांगल्या हाताला मी त्या दिवशी शिव्या दिल्या. बाराव्या टोकाला झोर्याना शहारली. विसाव्याला तिच्या ओठांवर रंग आला. काठाचा माझा वीतभर भाग सगळा उसवला तेव्हा सुई बोटात शिरली आणि या वेळी रक्त आलं, चांगलं लालभडक, थेंबभर. मी बोट तोंडात घातलं आणि रडले.

सदतिसावं टोक सुटलं आणि सदरा तिच्या खांद्यावरून आपोआप खाली आला.

पलाझ्काने आपला लोकरी कोट तिच्याभोवती गुंडाळला. झोर्यानाने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं.

"धर्माई? हे कुणाचं घर आहे? मला इतकी भूक का लागलीय?"

पलाझ्काच्या घरी तिने दोन ताटल्या बिटाचं गरम बोर्श्च खाल्लं. सदरा घडी करून बाकावर ठेवला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.

"कबरीत ठेवता येणार नाही," पलाझ्का म्हणाली. "फादरांनी मंत्र म्हणून ती बंद केली की तिच्यात कुदळ घालत नाहीत. एकच मार्ग. गावात पुढे जो कोणी जाईल, त्याच्या शवपेटीत ठेवायचा. तो पोचवतो तिला."

हे आमच्याकडे सगळेच करतात. माझ्या सासऱ्यांचा चष्मा राहिला होता तो शेजारच्या आजोबांबरोबर पाठवला होता. मी मान हलवली. "मग वाट बघू. पुढे जो..."

"नाही!"

झोर्यानाने चमचा आपटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज तिचाच वाटला.

"पुढे जो म्हणजे कोण? हल्ली कोण येतं पेटीतून? म्हातारे येतात का? या वर्षी आघाडीवरून तीन पेट्या आल्या, तिन्ही पोरं! तुम्ही दारात बसून वाट बघणार, पुढची कधी येते म्हणून? आणि ती..." तिने ताटली दूर सारली. "तुम्ही वाट बघायची नाही. कुणीच बघायची नाही. नाहीतर द्या इकडे, घालते मी पुन्हा!"

तिने खरंच हात पुढे केला. पलाझ्का खाली बघत राहिली. कोपऱ्यात तसबिरीखाली दिवा होता, त्याची वात तडतडत होती.

मी उठले. सदरा उचलला. गार होता, पण आता ओळखीचा. तसबिरीसमोर उभी राहून, दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तेक्ल्याबाई, चूक माझ्या हातची. कुणाची वाट बघायला नको. मीच आणून देते."

पलाझ्काने माझ्या ताटलीत आणखी एक पळी बोर्श्च वाढलं.

याला आता पाच महिने होतील. झोर्याना बरी आहे. हात गरम, गाल भरलेले, ओस्तापचा फोन आला की अर्धं गाव ऐकतं. तो उन्हाळ्यात येईल म्हणतो. तिने तान्ह्या बाळाचं झबलं भरायला घेतलंय, टाका अंगाकडे, टोकं घट्ट. उलटी बाजू बघून घेते मी. वसिलीनाने नियम केलाय, पेटी आली की घरच्यांना आधी विचारायचं, गाठोडं कुठे आहे.

माझं गाठोडं पलंगाखालच्या पेटीत आहे. वर तेक्ल्याचा सदरा, खाली माझा. माझ्याही सदऱ्याचा काठ मी वीतभर सोडला होता.

सोडला होता म्हणते. त्या बुधवारनंतरच्या शनिवारी सकाळी सहज उघडून पाहिलं तर अंगठ्याच्या पेराएवढा काठ शिवलेला. टाका बारीक, पुढे पुढे जाणारा, टोक मोकळं. मी कुणाला बोलले नाही. पुढच्या शनिवारी पाहिलं, तितकाच. त्यानंतर कधी कधी आठवडे नुसते जातात, मग पुन्हा पेरभर. आठवड्यात बाकी कुठल्याही दिवशी बघा, टाका वाढलेला नसतो. शुक्रवारी मी सुई हातात घेत नाही, माझी सुई मोकळी असते, आणि तेक्ल्याबाईचं काही व्रत नाही.

मी घाबरले नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. पहिले काही दिवस स्तोत्र म्हणताना ओळी चुकायच्या. आता नाही चुकत. हात सुंदर आहे तिचा. माझ्या साध्या कापडाला शोभेल अशी बारीक जाळीसुद्धा घालतेय, मी सांगितलं नसताना. दोन बोटं उरली आहेत. तिला घाई नाही. झबलं पुरं होईपर्यंत थांबेलही, मागितलं तर. मी मागितलंय.

काल गुरुवार होता. झोर्याना सकाळी माझ्या दहा सुया ओवून गेली. संध्याकाळी पेटी उघडली तर सदऱ्याशेजारी माझी जुनी सुई पडलेली, रिकामी, आणि तिच्यापाशी दोरा, टोक चावून चावून पिसलेला. कितीदा प्रयत्न केला असेल बिचारीने!

मी दहातली एक सुई घेतली, लांब दोऱ्याची, आणि काठाला टोचून ठेवली.